दुधाच्या दातांची साक्ष

माझ्या मुलीचा पहिला दात पडावा म्हणून मी जेवढे उपद्व्याप केले, तेवढे तिच्या शाळेच्या प्रवेशासाठीही केले नव्हते. चिक्की झाली, कच्चे पेरू झाले, ऊस झाला. शेजारीण म्हणाली, "अगं पडेल ना आपोआप. दात आहे तो, भाडेकरू नाही." तिला काय सांगणार कपाळ? शिमग्याच्या आत तो दात पडला नाही, तर माझी सहा वर्षांची पोर भरलेल्या बंदुकीला खेटून बसणार होती. आणि ती बंदूक माझ्या वडिलांच्या हातात असणार होती.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईचं डोकं फिरलं होतं.

आम्ही मुलुंडला राहायचो, पूर्वेला, हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. नवरा भांडुपच्या एका कंपनीत पाळ्या करायचा, मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. माझं माहेर गोव्याच्या हद्दीत, महाराष्ट्राची सीमा ओलांडली की तासाभरावर. गोवा तेव्हा अजून राज्य झालं नव्हतं. नवरा सावंतवाडीकडचा, म्हणजे सीमेच्या अलीकडचा. आमच्या लग्नात त्याचे काका म्हणाले होते, पोरगी परदेशातली आणली. सगळे हसले, मीही हसले, पण लक्षात ठेवलं.

माझ्या माहेरच्या गावात शिमग्याला पारध असते. होळीनंतर तिसऱ्या दिवशी गावचे पुरुष मांडावर, म्हणजे देवळासमोरच्या मोकळ्या जागेत, जमतात, गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे डोंगरात जातात. शिकारीचं कौतुक मी सांगत नाहीये. कायदा तेव्हाही होता, पण गाव म्हणायचं, हे देवाचं काम आहे. त्यात पहिला रानकोंबडा मारायचा मान आमच्या घराचा. तो हाक्याने, म्हणजे आरडाओरडा करून, उठवायचा नाही, फासात धरायचा नाही. झुडपाआड बसून, तोंडाने कोंबडीचा आवाज काढून त्याला बोलवायचा आणि तो आपल्या पायाने समोर आला की मारायचा. आणि हे सगळं सरळपणे झालं, याला साक्षीदार लागतो. साक्षीदार कोण? घरातलं मूल, ज्याचा एकही दुधाचा दात पडलेला नाही असं. "दुधाच्या दातांक खोटा चिकटत नाय," असं आमच्याकडे म्हणतात. एक दात पडला, की मूल शहाणं झालं, म्हणजे खोटं बोलायला मोकळं झालं. म्हणून पारधीआधी मांडावर सगळ्यांसमोर मुलाचं तोंड उघडून दात बघतात. मुलगा-मुलगी भेद नाही. बायका एरवी पारधीत चालत नाहीत, पण दुधाचे दात असेपर्यंत मूल ते मूल.

सहा वर्षांची असताना मी स्वतः बाबांची साक्षीदार होते. करवंदीच्या जाळीमागे मी त्यांच्या शेजारी बसले होते. बाबांनी मांडीवर तळवे फडफडवले, अगदी पंखांसारखे, आणि गळ्यातून हलकेच कुक्कुक् केलं. कोंबडा आला. बाबांची नजर अशी की पाचोळ्यात हललेला सरडा त्यांना वीस पावलांवरून दिसायचा. बार झाला तेव्हा मी घाबरून चड्डी ओली केली, पण मांडावर येऊन साक्ष मात्र ठणठणीत दिली. त्या दिवशी बाबांनी मला खांद्यावर बसवून घरी आणलं. माझ्या बाबांनी मला इतकं उंच कधीच धरलं नव्हतं, आधी नाही आणि नंतरही नाही.

म्हणून त्या वर्षी पत्र आलं, की 'नातीला या शिमग्याला घेऊन ये, पुढच्या वर्षी दात राहायचे नाहीत', तेव्हा मी हरखून गेले. आदल्या वर्षी गोवर निघाला म्हणून आमचं जाणं राहिलं होतं. आता ही शेवटची संधी. माझं पोरगं बाबांच्या शेजारी बसणार, माझ्याच जागेवर. झकास. मी लगेच रजेचा अर्ज टाइप केला, कारण लिहिलं 'कौटुंबिक धार्मिक कार्य'. नवरा पहाटे कुर्ल्याला जाऊन रांगेत उभा राहिला आणि एसटीच्या गाडीचं रिझर्वेशन घेऊन आला.

पत्र चुलतभावाच्या अक्षरात होतं. हा चुलतभाऊ बाबांच्या हाताखालीच वाढला, त्यांच्याबरोबर रानात जायचा. 'काकांच्या हाताला कंप आहे म्हणून मी लिहितो,' असं त्यानेच वर लिहिलं होतं. सत्तरीला आलेल्या माणसाचा हात कापणारच, मी म्हटलं. खाली बाबांनी सांगितलेल्या सूचना होत्या. पोरीला पांढरे कपडे नकोत. पावडर, वासाचं तेल नको. अंग खाजवायचं नाही. आणि मुख्य म्हणजे तिला पावलं मोजायला शिकव. कोंबडा दिसला की तोंडातून शब्द काढायचा नाही, माझा हात दाबायचा. उजवीकडे असला तर उजवा, डावीकडे असला तर डावा. दहा पावलांवर एकदा, वीस पावलांवर दोनदा. हे तिच्या अंगवळणी पडू दे.

मी हे अक्षरशः पाळलं. नवऱ्याच्या कंपनीच्या जुन्या खाकी पँटींचा तिला फ्रॉक शिवला. तो घालून ती जिन्यात उभी राहिली, तर खालचे आजोबा म्हणाले, "काय गं, हवालदारीण झालीस?" तिला कोण अभिमान. रोज संध्याकाळी कचेरीतून आले की बिल्डिंगमागच्या मैदानात आमची तालीम. पाण्याच्या टाकीपासून विजेच्या खांबापर्यंत वीस पावलं, खांबापासून गुलमोहरापर्यंत दहा. ती तिची पावलं मोजायची, मग मी म्हणायचे तुझी नकोत, आजोबांची मोज, आणि ती ढांगा टाकत जायची. कोंबडा म्हणून बिल्डिंगमधली बोकी मांजर. आम्ही दोघी टाकीआड बसायचो, मी आजोबा आणि ती साक्षीदार. मांजर आली की ती माझा हात दाबायची.

पहिले दोन दिवस तिने घोळ घातला, कारण मांजर कुठे आहे ते मलाही दिसायचं आणि मग ती माझ्या तोंडाकडे बघून हात दाबायची. लबाड. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, थांब, मी डोळेच मिटते. मग कळेल तुला किती येतं ते.

मी डोळे मिटले. थोड्या वेळाने माझा उजवा हात दोनदा दाबला गेला. मांजर उजवीकडे, खांबाच्या अंतरावर. डोळे उघडून बघितलं, तर तिथेच. परत मिटले. डावा, एकदा. गुलमोहराखाली. सगळं बरोबर. "आई, जमलं ना मला?" ती म्हणाली.

जमलं होतं. इतकं जमलं होतं की मी तालीम तिथेच थांबवली. डोळे मिटून मला सगळं कळत होतं. ही सगळी तालीम डोळे मिटलेल्या माणसासाठी होती. माझ्या वेळी बाबांनी मला एकच गोष्ट सांगितली होती, गप्प बस. हात दाब नाही, पावलं मोज नाही. ज्याला पाचोळ्यातला सरडा दिसतो त्याला सहा वर्षांच्या पोरीने अंतर कशाला सांगायला हवं?

घरी येऊन पत्र परत वाचलं. हाताला कंप. कंप असता तर बंदूक कशी धरणार होते? कंपबिंप काही नव्हता. त्यांना कागद दिसत नव्हता. माझे बाबा आंधळे होत चालले होते, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यांना साक्षीदार नको होता, डोळे हवे होते. माझ्या मुलीचे.

मी इतकी चिडले की भाजीतल्या मिठाचं भानच राहिलं नाही. नवऱ्याने एक घास खाल्ला, ताट बाजूला ठेवलं आणि विचारलं, काय झालं? मी सांगितलं. माझा नवरा कमी बोलतो, पण सीमेकडचा आहे, बंदुका त्याने पाहिल्या आहेत. तो म्हणाला, "रिझर्वेशन रद्द करू."

"आणि काय सांगू त्यांना?"

"खरं ते सांग. लिही पत्र."

"पत्र वाचणार कोण, अहो? चुलतभाऊच ना? मोठ्याने, ओसरीवर बसून, चार माणसांत. काका, ताईने लिहिलंय तुम्हाला दिसत नाही."

त्याने पत्राची घडी घातली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी आमची गत. गावात फोन नव्हता. नुसतं 'येत नाही' कळवलं, तर बाबा गुरवाची आधीच परवानगी काढून दुसऱ्या कुणाचं तरी मूल शेजारी घेऊन बसतील. म्हणजे माझी पोर वाचली आणि शेजारणीची गेली, एवढंच. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला? जाऊन समोरासमोर सांगणं हाच एक मार्ग होता, आणि तो विचार मनात आला की मी घासलेली भांडी परत घासायला घ्यायचे. मी दूधवाल्याला झापते, साहेबाला उलट बोलते, पण बाबांसमोर मी अजूनही सहा वर्षांची होते.

आणि तेव्हाच मुलगी जेवताना म्हणाली, "आई, माझा दात हलतोय."

खालचा, पुढचा. बोटाने हलवून बघितला. चांगला हलत होता. माझ्या मनात जो आनंद झाला त्याची मला आज लाज वाटते, पण तेव्हा वाटलं, देव पावला. दात पडला, की नियमच तिला बाद करणार. कुणालाच काही बोलायला नको. आणि ऐनवेळी मांडावर कळलं की बाहेरचं मूल शोधायला वेळ नाही; आमच्या घराचं तर दुधाचे सगळे दात असलेलं दुसरं मूल नव्हतंच, हे मी मनात मोजून काढलं. चुलतभावाची दोन्ही मुलं मोठी झाली होती. साक्षीदार नाही, तर पहिला बारही नाही.

मग सुरू झाली चिक्की. पण पोरगी माझ्याहून वस्ताद. नियम तिलाही ठाऊक होता, मीच तर रंगवून सांगितला होता. ती सगळं उजव्या बाजूने चावायला लागली. ऊस दिला, तर म्हणाली रस काढून दे. पेरू दिला, तर किसून दे म्हणाली. रात्री झोपताना तोंडावर हात ठेवून झोपायची, जणू मी चोरून नेणार होते. एक दिवस मी म्हटलं, "बघू, दोऱ्याने काढू या का?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दोरा परत डब्यात ठेवला. निघायच्या दिवसापर्यंत दात जागेवर होता.

सतरा-अठरा तासांचा प्रवास. दुसऱ्या दिवशी सकाळी बांदा मागे पडलं आणि गाडी सीमेवरच्या नाक्याला थांबली. आम्ही मुलुंडची माणसं, चेकनाक्याच्या ट्रकांची रांग बघतच आमचा दिवस उजाडायचा, आम्हाला नाक्याचं काय कौतुक? पण मुलीने विचारलं, "इथून पुढे परदेश?" नवरा म्हणाला, "हो, तुझ्या आईचा." पोलीस टपावरचं सामान बघत होते तोवर आम्ही पलीकडच्या टपरीवर चहा घेतला. नवऱ्याने तिच्या हातात उंडो दिला. उंडो म्हणजे गोव्याचा तो कडक कवचाचा गोल पाव. भूक लागलेली, ती नियम विसरली आणि समोरच्या दातांनी तोडला.

दात पावात राहिला.

तिने आधी पावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रडली नाही. दात मुठीत धरला आणि ओठ घट्ट मिटले. गाडीत बसल्यावर माझ्या कानात म्हणाली, "आजोबांना सांगू नको ना." मी म्हटलं बरं. का नाही म्हणणार? हसली की तिच्या तोंडात खिडकी उघडत होती, सांगायची गरजच काय होती? मी चार आठवड्यांनी पहिल्यांदा पाठ टेकून बसले. चहाही मला अमृतासारखा लागला होता.

एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. ज्या कारणासाठी मला तो दात पडायला हवा होता, त्याच कारणाने तो पडलेला बाबांना दिसणार नव्हता.

घरी पोचलो. बाबा ओसरीवर उभे. ताठ, धुतलेलं धोतर, काठी नाही. मुलगी धावत गेली, त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अगदी नाकाजवळ आणला आणि म्हणाले, "आयशीसारखी झाली." ती खुदकन हसली, खिडकी उघडली. बाबा काही बोलले नाहीत. मागून आईने ते भगदाड बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी चुलीपाशी तिला गाठलं.

"आई, किती दिवस झाले?"

"गेल्या पावसापासून. धुरकट दिसता म्हणतत." आई निखारे सारत राहिली. "आधी माका पण सांगूक नाय. दोनदा उंबऱ्याक अडकान पडले, तेव्हा समाजला."

"मग बंदूक कशी देतेस हातात?"

"मी देतंय? ह्या घरातून बंदूक काढून घेवची म्हणजे काय, तुका ठावक नाय?" मग हळूच म्हणाली, "मांडार दात बघतले. तेंका दिसात. नायतर दुसऱ्यांक दिसात."

दुसऱ्यांना दिसणं म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

मांडावर तीसचाळीस पुरुष, बाजूला चाफ्याखाली आम्ही बायका. बाबांच्या खांद्याला ती ठासणीची बंदूक, घरातल्या भिंतीवर मी जन्मभर बघितलेली. गुरवाने विचारलं, साक्षीदार कोण? बाबांनी नातीला पुढे घेतलं. खाकी फ्रॉक, दोन वेण्या. "तोंड उघड गो बाय," बाबा म्हणाले. तिने आ केला. सगळ्यांच्या दिशेने. खालच्या ओळीत मधोमध काळी फट.

बाबा वाकले. नीट, वेळ घेऊन बघितलं. मग सरळ झाले आणि मोठ्याने म्हणाले, "सगळे जाग्यार आसत."

चुलतभाऊ आपल्या चपलांकडे बघत होता. गुरवाने हातातले तांदूळ हातातच ठेवले. त्या एका वाक्याने सगळ्या गावाला कळलं, आणि गावाला कळलं हे बाबांना कळलं नव्हतं. मला पुढे जायचं होतं. मी चाफ्याचा बुंधा धरून उभी राहिले. मी महिनाभर या क्षणाची वाट बघत होते आणि आता मला वाटत होतं, तो दात परत जागेवर बसू दे, बाबांचं बोलणं खरं होऊ दे, मग बंदुकीचं काय व्हायचं ते होवो.

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला हवं होतं ते मिळालं होतं. गप्प राहिली असती, तर निघालीच होती आजोबांबरोबर. तिने बाबांचा हात धरला, त्यांचं एक बोट आपल्या तोंडात घातलं आणि त्या बोटासकट बोबडं बोलली, "आजोबा, हा नाहीये. काल पडला. पाव खाताना."

बाबांचं बोट त्या फटीत थांबलं. एकदा इकडे, एकदा तिकडे फिरलं. मग त्यांनी ते बाहेर काढलं, धोतराला पुसलं आणि समोर बघत राहिले. समोर चाळीस माणसं होती. त्यांना किती दिसत होती, देव जाणे. पण ती सामसूम त्यांनी ऐकली. रानात आयुष्य काढलेला माणूस, शांतता त्यांना आमच्याहून जास्त कळायची.

मग ते हसले. खरंच हसले, खांदे हलवून. म्हणाले, "नियम तो नियम. दात पडलो, तो पारधीक नाय." आणि स्वतःचं तोंड उघडून गावाला दाखवलं. "माझे तरी खंय रवलेत? बघा. चार आसत. मग मी पण घराक."

आधी गुरव हसला, मग सगळे. कुणीतरी म्हणालं, "काका, ह्या हिशेबान अर्धो गाव घराक जातलो." हशा मोठा झाला, आणि त्या हशात बाबांनी खांद्यावरची बंदूक उतरवून चुलतभावाच्या हातात दिली. अगदी सहज, पाण्याचा तांब्या द्यावा तशी. चुलतभावाने ती घेतली आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. बाबा त्याला म्हणाले, "साक्षीदार नाय, म्हणजे औंदा पयलो बार नाय. देवाक सांग, फुडल्या वर्साक." गुरवाने गाऱ्हाण्यात तेवढं जोडून घेतलं आणि सगळे "होय म्हाराजा" म्हणाले.

मी चाफ्याखाली उभी राहून रडत होते. दुःखाने नाही. महिनाभर छातीवर जो दगड होता तो उतरला की माणूस रडतं, एवढंच. आईने पदर माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "पूस. लोक बघतत."

संध्याकाळी उन्हं कलल्यावर बाबांनी नातीला हाक मारली. घरामागच्या बांधावर, काजूंच्या खाली, दोघं जाऊन बसली. मी चार हात मागे बसले. पिकलेल्या बोंडूंचा वास सुटला होता. बाबांनी मांडीवर तळवे फडफडवले. गळ्यातून तोच आवाज काढला. हात रिकामे होते.

बऱ्याच वेळाने काजूंमधून कोंबडा आला. मुलीने बाबांचा उजवा हात दोनदा दाबला. बाबांनी मान वळवली, अगदी बरोबर, वीस पावलांवर. आणि कुजबुजले, "रंग सांग."

"राखाडी," ती म्हणाली. "मानेवर ठिपके आहेत. आईच्या शालूच्या जरीसारखे."

"शेपटी?"

"काळी. नाही, निळी. हलली की निळी होते."

"होय," बाबा म्हणाले. "तशीच असता." त्यांनी डोळे मिटले होते. मग मान न वळवता, त्याच कुजबुजीत, ते मला म्हणाले, "मुंबैक डोळ्यांचो डॉक्टर किती दीस ठेवता गो?"

मी म्हटलं, "चार." मला काही माहीत नव्हतं. चार म्हटलं तर ते येतील असं वाटलं. आवाज मोठा झाला असावा, किंवा मी हुंदका दिला असेन. कोंबडा भर्रकन उडाला.

"आई," मुलगी वैतागून म्हणाली, "गप्प बसायचं असतं ना."

परतीच्या गाडीत चौथं तिकीट नव्हतं. बाबा अर्धा रस्ता नवऱ्याच्या जागेवर बसून आले आणि नवरा उभा. डॉक्टरने चार दिवस नाही, दहा दिवस ठेवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून बसलेला, आधी एकाचं ऑपरेशन. डोळ्यावर पट्टी बांधून बाबा मुलुंडच्या आमच्या गॅलरीत बसायचे आणि चेकनाक्यावरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकून विचारायचे, "ह्यो कसलो प्राणी?" जाड भिंगांचा चष्मा मिळायला दीड महिना लागला. तोपर्यंत शाळेला सुट्टी लागली होती.

चष्मा घालून घरी आले त्या दिवशी त्यांनी आधी मला बघितलं नाही. खोली बघितली नाही. नातीला खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि म्हणाले, "तोंड उघड."

तिने आ केला. ते वाकले. तसेच, नीट, वेळ घेऊन. मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"एक नवो येता," ते म्हणाले. "आणि बाजूचो हलता."

बाजूचा हलत होता हे तिने अजून मलाही सांगितलं नव्हतं.